कळंबारीची गाडवाट

अमळनेरात पहाटे पळणारी माणसं तशी बरीच. डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितल्यावर घाबरून बूट घेतलेले व्यापारी, कॉलेजच्या टेकडीवर चढ-उतार करणारे प्राध्यापक, आणि सगळ्यात जास्त पोलीस भरतीची पोरंपोरी. पण नवीन कुठे पळायला जावं, हे विचारायचं झालं की सगळे मोहिनीला फोन करत. तिला रस्ता दिसला की तो पळून बघितल्याशिवाय चैन पडत नसे. बोरी नदीच्या काठाने जुन्या तेल गिरणीच्या भिंतीला लागून जाणारा रस्ता तिनेच शोधला होता. पाटाच्या कडेचा, दोन्ही बाजूंना कापसाची शेतं असलेला सपाट रस्ताही तिचाच. तापीकडच्या कोरड्या घळींमधून एक पायवाट होती, तिथे उन्हाळ्यात मोर दिसायचे. तिला तिने ‘मोराचा रूट’ असं नाव देऊन टाकलं होतं. मोबाइलच्या ॲपवर नकाशा आणि फोटो टाकून ती मोकळी व्हायची, आणि रविवारी धुळ्या-जळगावची हौशी मंडळी गाड्या काढून तिच्या रस्त्यांवर धापा टाकायला यायची. मोहिनीला या गोष्टीचा अभिमान होता आणि तो ती लपवत नसे.

पळणं मात्र तिच्यासाठी हौस नव्हती. आधीच्या दोन भरत्यांत ती गेली होती. गोळा, शंभर मीटर, लेखी, सगळं ठीक. दोन्ही वेळा आठशे मीटरने घात केला, आणि तोही अगदी थोडक्यात. यंदा वयाची मर्यादा संपत होती. यंदा नाही तर मग कधीच नाही, हे घरात कोणी बोलून दाखवत नसलं तरी चुलीजवळच्या भांड्यांनासुद्धा माहीत होतं. आई, पुष्पाबाई, ब्लाउज शिवून घर चालवायची. दोंडाईच्याहून एक स्थळ सांगून आलं होतं, त्यांना आईने भरतीचा निकाल लागेपर्यंत थांबवून ठेवलं होतं. मुलाचं कापडाचं दुकान होतं आणि मुलगा वाईटही नव्हता. पण मोहिनीला खाकी हवी होती. तिला ती लहानपणापासून हवी होती आणि या वेळी मिळणार याबद्दल तिला काडीची शंका नव्हती.

तिचे सर प्रेमराज. फौजेतून निवृत्त झालेले, आवाज खणखणीत, मिशी त्याहून खणखणीत. त्यांच्या अकॅडमीत पायांत ताकद आणायची एक पद्धत होती: कमरेला दोर बांधायचा, दोराला ट्रॅक्टरचा जुना टायर, आणि तो ओढत पळायचं. टायर सोडल्यावर पाय असे सुटतात की स्वतःलाच आवरत नाही, असं सर म्हणत, आणि ते खरंही होतं. मोहिनीबरोबर सरावाला दोघी असत, भूमिका आणि मयुरी. दोघी तिच्याहून लहान, दोघींची पहिलीच भरती. मोहिनी त्यांची ताई आणि अर्धी सरही होती.

कळंबारीचा रस्ता तिला मार्चमध्ये सापडला. म्हणजे तो तिथे होताच. कळंबारी गाव पूर्वी तापीच्या काठाला होतं. पुरानंतर सगळं गाव वर, डांबरी रस्त्याजवळ येऊन बसलं आणि खाली जुनं गावठाण राहिलं. पडक्या भिंती, चार-दोन निंब, आणि एका टोकाला मरीआईचं देऊळ. शिवेच्या दगडापासून त्या देवळापर्यंत एक मातीचा रस्ता होता, सरळसोट आणि रुंद. आजूबाजूला वेड्या बाभळींनी रान माजवलेलं, पण रस्त्यावर एक काटा नाही. जमीन टणक, वर बोटभर मऊ धूळ. गुडघ्यांना याहून चांगला रस्ता डांबरवाल्यांना सात जन्मांत बांधता आला नसता. मोहिनीने त्याचा फोटो काढला, सूर्य अगदी देवळाच्या कळसामागून वर येत होता, आणि ॲपवर नाव टाकलं, ‘गाडवाट’.

नाव तिने उगाच दिलं नव्हतं. कळंबारीच्या बारागाड्या याच वाटेवर ओढल्या जात, हे तिला ऐकून माहीत होतं. खान्देशात बारागाड्या कोणाला सांगाव्या लागत नाहीत. बारा बैलगाड्या एकामागे एक बांधायच्या, बैल नाहीत, गाड्यांवर माणसं खच्चून बसलेली, आणि अंगाला हळद फासलेला भगत कमरेच्या जोरावर ती सगळी माळ ओढत देवीपर्यंत न्यायचा. त्याच्या दोन बाजूंना दोघे पळतात, त्याला काखेतून धरून. त्यांना बगले म्हणतात. कळंबारीच्या बारागाड्या मात्र गाव वर आल्यापासून बंद होत्या. नव्या गावात रस्ता अरुंद होता, असं लोक सांगत.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशीही सरांनी सुट्टी दिली नाही. पुष्पाबाईची सकाळपासून पुरणाच्या मांड्यांची तयारी चाललेली, तिने बडबड केली, पण आदल्या रात्री लेकीच्या सुजलेल्या नडग्यांना हळदीचा लेप तिनेच लावला होता. टायरच्या दोराने कमर सोलली होती, तिथेही लावला होता. सकाळी मोहिनी घराबाहेर पडली तेव्हा गुडघ्यापर्यंत पिवळीधमक होती आणि भूमिका तिला नवरी नवरी म्हणून चिडवत होती.

सरांनी त्या दिवशी शिवेच्या दगडापासून देवळापर्यंत टायर ओढायला सांगितला. मोहिनीच्या नडग्या दुखत होत्या. म्हणून सर म्हणाले, तुम्ही दोघी तिच्या बाजूने पळा, लंगडली तर धरा. मोहिनीने टायरभोवती एक चक्कर मारून दोर तपासला, कमरेला बांधला आणि निघाली. एका बाजूला भूमिका, दुसऱ्या बाजूला मयुरी. पहिल्या शंभरेक पावलांनंतर दोघींनी खरोखरच तिच्या काखेत हात घातले.

निम्म्या वाटेवर सरांनी शिट्टी वाजवली. त्यांना घरी पाहुणे यायचे होते, ऊनही चढलं होतं. मोहिनी थांबली, दोर सोडला, टायर मोटारसायकलला अडकवला. यात काही विशेष नव्हतं. रोजच कुठेतरी थांबायचंच.

रस्त्याच्या कडेला एका पडक्या जोत्यावर एक म्हातारा बसला होता. अभिमन आबा, नव्या कळंबारीतले. आखाजीला लोक घरीच पितरांची घागर भरतात, पण हे दर वर्षी जुन्या घराच्या जोत्यावर येऊन भरत. पुढ्यात मातीची घागर, तिच्यावर छोटं मडकं, त्यावर आंबा. ते मघापासून मोहिनीकडे बघत होते, तिच्या पिवळ्या पायांकडे, कमरेच्या दोराकडे, दोन बाजूंच्या दोघींकडे. मग त्यांनी विचारलं,

“कसाले थांबनी वं बेटा?”

सरांनी शिट्टी मारली म्हणून, असं तिने हसत सांगितलं. आबांनी तिच्यामागच्या रिकाम्या रस्त्याकडे नजर लावली.

दुसऱ्या दिवशी पाटाच्या सपाट रस्त्यावर मोहिनीचे पाय उचलेनात.

पहिल्यांदा तिला वाटलं, मांडे आणि आमरस अंगावर आलेत. नडग्यांची सूज उतरली होती, दम लागत नव्हता, श्वास मोजून नीट चालला होता. फक्त कमरेला मागून ओढ होती. टायर ओढताना असते तशीच, पण टायर मागे घासतो तेव्हा ती धक्क्या-धक्क्याने येते. ही सलग होती. वळणावर तर आणखी वेगळं वाटायचं. ती वळून सरळ झाली तरी बराच वेळ ओढ तिरपी लागत राहायची, मागचं सगळं अजून वळायचंच असल्यासारखी.

चार-आठ दिवसांत तिची वेळ इतकी घसरली की प्रेमराज सर घड्याळ झटकून बघायला लागले. त्यांनी निदान केलं, सराव जास्त झाला, विश्रांती घे. मोहिनीने विश्रांती घेतली. आठवड्याने पळाली तेव्हाही तेच. मग ती डॉक्टरांकडे गेली. रक्त तपासलं, छाती तपासली. डॉक्टर म्हणाले, इतकं चांगलं रक्त मी या गावात बघितलं नाही, काय खाता ते मलाही सांगा. कमरेवरचा दोराचा वळ मात्र जात नव्हता. त्याला त्यांनी मलम दिलं.

मोहिनी घाबरणाऱ्यांतली नव्हती. शरीरात खोट नाही म्हणजे खोट डोक्यात आहे, आणि डोकं आपलंच आहे, ते ताब्यात आणता येतं, असा तिने हिशेब मांडला. पण भरती जवळ येत होती, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर तिला रडू यायचं, हेही खरं. दोंडाईच्याच्या दुकानात गल्ल्यावर बसलेली मोहिनी तिला दिसायची. ती कुशीवर वळायची.

बारीकसारीक गोष्टी घडत होत्या. भूमिका तिच्यामागे पळेना. धूळ येते म्हणाली. त्या डांबरी रस्त्यावर पळत होत्या. मोहिनीने तिला तसं दाखवलं, तेव्हा भूमिकेने तोंडावरचा रुमाल काढून बघितला. रुमाल मातकट झाला होता. पाटाजवळच्या वस्तीवरची कुत्री रोज मोहिनीच्या पायांत यायची, ती आता रस्त्याच्या कडेला उभी राहून तिला जाऊ द्यायची, आणि ती गेल्यावरही रस्ता ओलांडायला घाई करायची नाहीत. एका सकाळी रेल्वे फाटकाशी ती थांबली, तेव्हा मागे कुठेतरी लाकूड कुरकुरलं आणि वंगणाचा जुना, जळका वास आला. फाटकावर तिच्याशिवाय फक्त एक दूधवाला होता, मोटारसायकलवर.

शेवटी एका रविवारी ती नव्या कळंबारीत अभिमन आबांच्या ओट्यावर जाऊन बसली. तिला वाटलं होतं, म्हातारा काहीतरी अंगारा-धुपारा सांगेल आणि आपण नम्रपणे नाही म्हणून उठू. आबांनी तसलं काही सांगितलं नाही. पाणी दिलं, भुईमुगाच्या शेंगा पुढे ठेवल्या. मग पिकपाण्यावर बोलावं तितक्याच शांतपणे बोलले. हळद लावून, कमरेला बांधून, दोन बाजूंना दोघी धरून, शिवेपासून देवीकडे, आणि दिवस आखाजीचा. यात काय कमी राहिलं होतं, असं त्यांनीच तिला विचारलं.

शेवटच्या वर्षीचा भगतही निम्म्या वाटेवर बसला होता, असं ते म्हणाले. त्याला तेवढंच झेपलं. लोक गाड्यांवरून उतरून घरी गेले, गाड्या सोडून नेल्या. पुढच्याच पावसाळ्यात पूर आला, आणि सगळेच काही वर आले नाहीत.

“लोक उतरले होते ना मग?” मोहिनीने विचारलं.

“जे घर गयात ते उतरनात,” आबा म्हणाले. शेंग फोडून त्यांनी दाणे तिच्या हातावर ठेवले. “तू जठे सोड्यात तठेच उभ्या शेतस गाड्या. बठ्ठा बठेल शेतस.”

घरी गेले तेवढेच उतरले, बाकीचे सगळे अजून बसलेलेच, हे ऐकून मोहिनीला हसू आलं, आणि आपलं हसू तोंडावर अर्धवट थांबलंय हेही कळलं. बाजूच्या घरात कोणीतरी मिरच्या कुटत होतं, ठसका येत होता, स्वच्छ ऊन होतं. तिने विचारलं, समजा मी ती वाट पुरी केली तर? तर पुरी होईल, आबा म्हणाले. मग वजन जाईल का, तिला एवढंच हवं होतं. आबांनी शेंगांची टरफलं गोळा केली.

“भगतले वजन लागत नही, बेटा. वजन लागस तोवर तो भगत नही.”

तिने घरी येताना याचा सोयीचा अर्थ लावला. मनाने घेतलेलं अर्धवट काम मनासमोर पुरं करायचं, की मन सोडून देतं. सरांनी शिट्टी मारली तिथून देवळापर्यंत पळायचं, इतकी साधी गोष्ट. खेळाडूंच्या डोक्याचे डॉक्टर असतात, तेही असलंच काहीतरी करून घेतात, हे तिने वाचलं होतं. तिला एकदम बरं वाटलं. उपाय हातात आला की मोहिनीला नेहमीच बरं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवल्यावर ती जुन्या गावठाणात उतरली. मयुरी आली नाही, तिला तिच्या आईने पाठवलं नाही. भूमिका आली, पण म्हणाली, मी बाजूला थांबते ताई, तू पळ. मोहिनीने टायर आणला नव्हता, हळदही लावली नव्हती. निम्म्या वाटेवर एक निंब होता, तिथे ती उभी राहिली. सरांनी शिट्टी वाजवली ती हीच जागा. धुळीत तिच्या बुटांचे आणि टायरचे जुने ठसे अजून होते. आखाजीनंतर वारा सुटला नव्हता असं नाही. तरी होते.

तिने कमरेवर हात ठेवला, श्वास घेतला आणि निघाली.

पहिलं पाऊलच उचलेना.

आजवरची ओढ तिला आता पोरखेळ वाटली. वाकून, हात मारत, तिने पाऊल रेटलं. मग दुसरं. बुटांच्या टाचा धुळीत रुतत होत्या. मागे काहीतरी करकरलं. लाकडाचं करकरणं, मग त्याच्या मागे तसंच दुसरं, मग आणखी मागे, आवाज एकातून दुसऱ्यात सरकत लांबपर्यंत गेला. सगळ्यांत शेवटी, पार शिवेकडे, एक चाक फिरलं.

वास आला. वंगण, गुलाल, घामेजली गर्दी, फोडलेला नारळ.

माणसं कुजबुजत होती. शब्द कळत नव्हते. गाडी सुटायच्या आधी एसटीत असते तशी ती बडबड होती, जागा करून घेण्याची, पोरांना गप्प करण्याची. कोणीतरी खोकलं. त्यात भीतीदायक असं काही नव्हतं, आणि मोहिनीच्या पाठीतून घामाची धार वाहत होती ती गार होती.

मागे वळून बघावंसं तिला वाटलं नाही. तिला देऊळ दिसत होतं आणि तिला तिथे पोचायचं होतं. भीतीच्या वर तिचा हट्ट होता. मी ओढीन, ती मनात म्हणाली. कोणीही बसा. मी ओढीन.

तिच्या डाव्या काखेत एक हात आला.

मग उजव्या.

भक्कम, खरखरीत हात. त्यांनी तिला उचललं नाही, ढकललंही नाही. फक्त धरलं.

आणि वजन गेलं.

एका पावलात होतं, पुढच्या पावलात नव्हतं. तिचे पाय सुटले. टायर सोडल्यावर सुटतात त्याच्या कितीतरी पट. ती पळाली तशी आयुष्यात कधी पळाली नव्हती, धूळ पायांखाली लागतसुद्धा नव्हती. देवळाची पायरी आली तेव्हा तिला थांबायचं नव्हतं. तिने पायरीवर दोन्ही हात टेकले आणि मोठ्याने हसली. काखेत कोणी नव्हतं. मागे रस्ता होता, ऊन होतं, तिच्या धुळीचा ढग हळूहळू खाली बसत होता.

ढग देवळापासून शिवेपर्यंत होता. ती निम्म्यापासूनच पळाली होती, हे तिला जाणवलं, पण तिने ते आनंदाच्या भरात सोडून दिलं.

भूमिका रस्त्याच्या कडेला नव्हती. ती बाभळींच्याही पलीकडे, नांगरलेल्या शेतात जाऊन उभी होती, काट्यांनी ओढणी फाटलेली. इतक्या लांब का गेलीस, मोहिनीने विचारलं.

“माहीत नाही,” भूमिका म्हणाली. “बाजूला झाले, इतकंच.”

परतताना मोहिनी मुद्दाम नव्या गावातून गेली. आबांना सांगायचं होतं, झालं, पुरं केलं, अगदी मोकळं वाटतंय. आबा ओट्यावरच होते. तिने तोंड उघडायच्या आधीच त्यांनी विचारलं,

“आते हलकं वाटस का?”

“एकदम हलकं, आबा.”

म्हातारा उठला. त्याने डोक्यावरची टोपी काढून ओट्यावर ठेवली, भिंतीला धरून कष्टाने खाली वाकला आणि मोहिनीच्या धुळीने माखलेल्या बुटांवर कपाळ टेकवलं. मोहिनी कानकोंडी होऊन मागे सरली. आबा, काय हे, म्हणाली. पोरीबाळींच्या पाया पडायची काही लोकांत रीत असते, तसलं काही असेल, असं तिने घरी पुष्पाबाईला सांगितलं. पुष्पाबाईने सुईत दोरा ओवता ओवता मान वर केली, लेकीकडे जरा वेळ बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली.

त्यानंतरचे दिवस मोहिनीच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते. प्रेमराज सर पुन्हा घड्याळ झटकायला लागले, या वेळी उलट्या कारणाने. पाटाचा रस्ता, तेल गिरणीचा रस्ता, मोराचा रूट, ती सगळीकडे पळत सुटली. मलम लावणं तिने सोडलं होतं, कमरेचा वळही दुखत नव्हता. एकच झालं. हळूहळू ती एकटीच पळायला लागली. भूमिका कॉलेजच्या मैदानावर जाऊ लागली, मयुरीने सकाळच्याऐवजी संध्याकाळची बॅच घेतली. रविवारची मंडळीही आता तिच्याबरोबर न पळता तिच्या आधी निघून जायची. मोहिनीने मनाला लावून घेतलं नाही. पुढे जाणाऱ्याला एकटं पळावंच लागतं, असं तिचं मत झालं होतं.

भरतीचं मैदान धुळ्याला होतं. पाऊस अजून आला नव्हता, आभाळ दाटून यायचं आणि उकाडा वाढवून निघून जायचं. मातीच्या मैदानावर चुन्याने गोल आखले होते. मोहिनीच्या तुकडीत मुली बऱ्याच होत्या, नंदुरबारकडच्या, साक्रीच्या, शिरपूरच्या. तिच्या शेजारी शिंदखेड्याची एक सडपातळ मुलगी होती, अनवाणी. सुलक्षणा नाव. तिचीही शेवटचीच संधी आहे, हे तिने मोहिनीला उभ्या उभ्या सांगून टाकलं. तिचे पाय बघूनच मोहिनीला कळलं की ही पळणार. मोहिनीने तिला मोठ्या बहिणीसारखं सांगितलं, पहिल्या फेरीत जीव काढू नकोस, दुसऱ्या फेरीत मला आतून काटून पुढे हो. एवढा दिलदारपणा तिला परवडत होता. तिला स्वतःची खात्रीच तेवढी होती.

शिट्टी झाली. मोहिनी सुटली ती पहिल्या वळणापासून सगळ्यांच्या पुढे. तिला कोणाचा श्वाससुद्धा मागे ऐकू आला नाही. वजन नव्हतं, दम लागत नव्हता, फक्त चुन्याची पांढरी रेघ पायाखालून मागे जात होती. दुसऱ्या फेरीत कडेच्या हवालदारांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. ती पोचली, थांबली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. वेळ लिहिणाऱ्या बाईंनी आकडा बघितला आणि शेजारच्या साहेबांना दाखवला. पैकीच्या पैकी गुण होते. मोहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते येऊ दिलं.

सुलक्षणा दुसरी आली. बाकीच्या कितीतरी मागे होत्या. पण दुसरी आली तरी तिचे गुण अगदी थोडक्यात हुकले, मोहिनीचे हुकायचे तितक्याच थोडक्यात. ती पाण्याच्या टाकीजवळ, सावलीच्या अरुंद पट्टीत, पाय समोर लांब पसरून बसली होती. टाचांना भेगा पडून रक्त आलं होतं. मोहिनी तिच्याजवळ जाऊन उकिडवी बसली. तिला खरंच वाईट वाटलं, कारण हे बसणं तिला चांगलं ओळखीचं होतं. काही बोलायला हवं म्हणून ती म्हणाली, तू पुरी फेरी बाहेरून पळालीस, तिथेच तुझे पाय गेले. आतली बाजू मोकळी होती. सांगितलं होतं ना, आतून काट.

सुलक्षणाने तिच्याकडे बघितलं. रागाने नाही. चेष्टा होते आहे की काय, हे समजून घ्यावं तसं.

“आत लोके बठेल व्हतात ना, ताई,” ती म्हणाली. “मी सरका सरका म्हणत राहिले. एक बाई पोरगं मांडीवर घेऊन बसली होती. तिनेच हात करून सांगितलं, बाहेरून जा.” मग तिने नाक पुसलं. “भरतीच्या मैदानात असं कसं बसू देतात लोकांना?”

तेवढ्यात भोंग्यावर गोळाफेकीसाठी तिचा नंबर पुकारला गेला आणि ती उठली. टाकी आणि भिंतीमधून जायला वाट अरुंद होती. सुलक्षणाने तिला जायला पाय आखडून घेतले, गुडघे छातीशी धरले.

मोहिनी पुढे गेली. मैदान ओलांडून गोळ्याच्या वर्तुळापाशी पोचली, रांगेत उभी राहिली, आणि तिथून तिने टाकीकडे बघितलं.

सुलक्षणाचे पाय अजून आखडलेलेच होते. ती मान वर करून, शांतपणे, वाट मोकळी होण्याची वाट बघत होती.